पहिली दोरी

डॉविटकाकांच्या शवपेटीला आठ दोऱ्या होत्या आणि त्यांतली पहिली, डोक्याकडची, माझी होती. हे मी त्या आठवड्यात सांगत होते आणि आज सत्तरी उलटल्यावरही तेच सांगते. हंटलीत काकांच्या पुतण्याच्या, वॉल्टर रॅफनच्या, घरी दोऱ्या धरणाऱ्यांची ती यादी अजून असेल. तिच्यात माझं नाव सापडणार नाही, शोधायचे कष्ट घेऊ नका.

आमच्याकडे माणसाला कबरीत उतरवतात ते दोऱ्यांनी, आणि कोणती दोरी कुणी धरायची हे आधी ठरतं. पहिली सगळ्यांत जवळच्याची. मुलाची, मुलगा नसला तर भावाची, भाऊ नसला तर पुतण्याची. दुसरी पायाकडची, ती बहुधा जुन्या सोबत्याची, आणि उरलेल्या सहा दोन्ही अंगांना, नातं लांबत जाईल तशा. सुतार छापील कार्डं देतो. त्यावर पेटीचं चित्र असतं आणि तुमचा आकडा. लोक ती कार्डं बायबलमध्ये जपून ठेवतात. चौथी मिळायची ती सहावी मिळाली म्हणून वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले चुलतभाऊ आमच्या ओढ्यापलीकडेच राहायचे. बाईमाणसाला मात्र दोरी देत नाहीत. बाईमाणूस दफनाला जातच नाही. पुरुष पेटीमागून चालत जातात आणि बायका घरी थांबून पावाला लोणी लावतात.

मी रॅफन नव्हे. मी एफी टॅनॉक. तेहतीस साली, सहा वर्षांची असताना, ग्लासगोहून आगगाडीने एकटी आले. आई गेलेली, बाप असून नसल्यासारखा. अशी मुलं शहर तेव्हा लांबच्या खेड्यांत पाठवून द्यायचं, कुणाच्या तरी चुलीशी वाढायला. माझ्या कोटाच्या बटणाला नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. स्टेशनावर डॉविटकाका घोडागाडी घेऊन उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, खिशातून चाकू काढला, दोरा कापला आणि चिठ्ठी रुळांवर टाकून दिली. मग विचारलं, “जेवलीस?” मी नाही म्हटलं. त्यांनी खिशातून अर्धी ओटची भाकरी काढून दिली. तिला तंबाखूचा वास होता.

काका आणि बेलआत्या ही सख्खी भावंडं, दोघंही बिनलग्नाची. बॅकहिल नावाचं पस्तीस एकरांचं शेत खंडाने करायची. त्यातले दहा एकर तरी नुसते दगड.

त्या घरात पहिल्या आठवड्यात मी जो शब्द शिकले तो म्हणजे फ्रेमिट. परका, पण पाहुण्यासारखा परका नव्हे. आपल्या रक्ताचा नसलेला, आपल्या कळपाबाहेरचा. बाजारातून नवी गाय आणली की ती फ्रेमिट. जुन्या गाई तिला गव्हाणीशी येऊ देत नाहीत, शिंगं मारतात. दुसऱ्या गिरणीतलं पीठ बेलआत्याच्या जिभेला फ्रेमिट लागायचं. मुलगी लांबच्या शेतावर चाकरीला गेली की ‘फ्रेमिटांत गेली’ म्हणायचे, आणि म्हणताना बायका डोळ्याला पदर लावल्यासारखा ॲप्रन लावायच्या. समुद्राकडून विचित्र उबदार वारा आला तरी तो फ्रेमिट. शब्द वाईट नव्हता. मिठाच्या बरणीसारखा रोजचा होता. शाळेतली पोरं मात्र तो वेगळ्या चवीने वापरायची. माझे बूट शहराने पाठवलेले, सगळ्या पाठवलेल्या मुलांचे एकसारखे, टाचेला लोखंडी नाल. मी वर्गात शिरले की नालांचा आवाज यायचा आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “आली फ्रेमिट.” मी तिसऱ्या दिवशी त्याच नालाने एकाची नडगी फोडली. त्यानंतर ते हळू आवाजात म्हणू लागले.

घरात तो शब्द मला उद्देशून एकदाच वापरला गेला. माझ्या हातून बेलआत्याच्या आईची मोठी बशी फुटली. आत्या भडकली आणि म्हणाली, “फ्रेमिट हाताला दुसऱ्याच्या वस्तूची काय किंमत.” काका सूप पीत होते. त्यांनी चमचा ठेवला, उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. संध्याकाळ झाली तरी आत येईनात, गाई हंबरायला लागल्या तरी दूध काढीनात. शेवटी आत्याच गोठ्यात गेली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत आली ती नाक पुसत, आणि माझ्या ताटात स्वतःचं अंडं वाढलं. काका त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. तसे ते कशाबद्दलच फारसं बोलत नसत.

आत्या गेली एकोणपन्नास साली. मी बावीस वर्षांची होते. पेटी दारातून बाहेर काढली आणि मला सांगण्यात आलं, तू थांब. मी थांबले. सगळ्यांनी थांबायचं असतं म्हणून थांबले. लोण्याची सुरी हातात धरून खिडकीतून रस्त्याच्या वळणापर्यंत पेटी दिसली, पुढे भिंत आली. तिला खाली कुणी उतरवलं, कसं उतरवलं, मला ठाऊक नाही. ते मी स्वतःला माफ केलेलं नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की पुन्हा असं होणार नाही.

साठ सालच्या जानेवारीत काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. चौदा महिने त्यांना मी धुतलं, भरवलं, दिवसातून दोनदा कुशीवर वळवलं, दर शनिवारी दाढी केली. शेतही मीच बघत होते. जमिनीचा खंडपट्टा काकांनी आधीच माझ्या नावावर करून घेतला होता, त्यामुळे त्यावरून वाद नव्हता. वॉल्टरला ते दगड फुकट दिले असते तरी नको होते. एकसष्टच्या मार्चमध्ये एका सकाळी मी लापशी घेऊन गेले तर काका गेलेले होते. मी त्यांना शेवटचं धुतलं, रिवाजाप्रमाणे छातीवर मिठाची बशी ठेवली आणि घड्याळ थांबवलं.

वॉल्टर दुसऱ्या दिवशी आला, बायकोला घेऊन. वॉल्टर म्हणजे काकांच्या थोरल्या भावाचा मुलगा. हंटलीत त्याचं बी-बियाण्यांचं दुकान, चर्चच्या मंडळावर बसायचा, गळ्यापर्यंत बटणं लावायचा. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. लहानपणी मी एकदा त्याला वॉल्टरदादा म्हटलं होतं, तर म्हणाला, मी तुझा दादाबिदा नाही. तेव्हापासून तो माझ्यासाठी नुसता वॉल्टर, आणि तोही अरे-तुरे. त्याची बायको मिना मात्र भली बाई होती. आल्या आल्या बाह्या सरसावून म्हणाली, “एफी, तू बस. गाईचं मी बघते. मी शेतावरचीच आहे.” बादली घेऊन गेली आणि दहा मिनिटांत रिकामी बादली आणि मळलेला झगा घेऊन परत आली.

“दूध चोरून धरते मेली तुझी गाय.”

“तुम्ही तिला फ्रेमिट ना,” मी म्हटलं. मिना हसली. वॉल्टर हसला नाही. तो टेबलाशी बसून लिहीत होता.

मी दूध काढून आले तेव्हा तो कागद साखरेच्या भांड्याखाली होता. एक ते आठ आकडे, समोर नावं. पहिली वॉल्टर. दुसरी बोगहेड, म्हणजे शेजारच्या बोगहेड शेताचा म्हातारा. आमच्याकडे शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावानेच हाक मारतात. तिसरी वॉल्टरचा भाऊ, चौथी त्याचा मुलगा, उरलेल्या चारांत दोन शेजारी आणि दोन लांबचे चुलत. पुरेसे रॅफनच नव्हते, म्हणून शेजारी घातले होते.

“वॉल्टर, यात माझं नाव नाही.”

“तुझं कसं असेल?”

“पहिली माझी आहे.”

त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं पाहिलं. “एफी, तू दमलीयस. जरा पडून घे जा.”

“दमलेय खरी. चौदा महिने दमलेय. पहिली माझी.”

“बायका दोरी धरत नाहीत.”

“मग या घरापासून धरतील.”

“बरं, बायकांचं सोड,” त्याने टाक खाली ठेवला. “तू काकांचं केलंस, कुणी नाही म्हणत नाही. आम्ही सगळे तुझे उपकार मानतो. पण रक्त ते रक्त. तू फ्रेमिट आहेस, एफी. त्यात राग यायचं कारण काय? शब्दच आहे तो.”

“तो शब्द मला नको शिकवू. तुझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलाय मी. आठवी कुणाला दिलीस रे? टरिफच्या चार्लीला? तो या घरात शेवटचा जेवला तेव्हा गादीवर राणी नव्हती, तिचा बाप होता.”

“चार्ली लांबचा का होईना, चुलत आहे.”

“असेना. काका कोणत्या कुशीवर झोपायचे, विचार त्याला.”

मिना चहा ओतत होती. हळूच म्हणाली, “अहो, द्या ना तिला एखादी. आठवी द्या.”

“तू मध्ये पडू नकोस,” वॉल्टर म्हणाला.

“आठवी नको मला,” मी म्हटलं. “आठवी चार्लीला लखलाभ. मला पहिली पाहिजे.”

वॉल्टरने कागदाची घडी केली आणि खिशात घातली. विषय संपला असं त्याला वाटलं. मी सायकल काढली आणि पाद्रीसाहेबांकडे गेले.

पाद्रीसाहेब, मिस्टर पीरी, म्हणजे पुस्तकी किडा. भाषणं कंटाळवाणी, पण माणूस सरळ. त्यांना जुने शब्द गोळा करायचा नाद होता. एडिंबराला कुणी कोश तयार करत होतं, त्यांच्यासाठी हे बुटांच्या खोक्यांतून चिठ्ठ्या भरून ठेवायचे, एका शब्दाला एक कप्पा. त्यांच्या दिवाणखान्यात बसायला खुर्ची नव्हती, सगळ्या खुर्च्यांवर खोकी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वॉल्टर मला काय म्हणाला तेही सांगितलं. तो शब्द ऐकला आणि साहेबांचा चेहरा उजळला. शपथेवर सांगते, जिच्या घरात मयत पडलंय अशा बाईसमोर त्या माणसाचा चेहरा उजळला.

“फ्रेमिट,” ते म्हणाले आणि एक खोकं काढलं. “फार जुना शब्द आहे हो हा. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या कागदांत सापडतो. आधी परक्या देशाला म्हणायचे, परक्या राजाच्या मुलखाला. मग परक्या माणसाला. मग नात्याचा नसलेल्याला. हे बघा, जुन्या मृत्युपत्रांत ‘सिब आणि फ्रेमिट’ अशी जोडी येते. सिब म्हणजे रक्ताचा. दोन्ही मिळून म्हणजे यच्चयावत सगळे, आपले-परके झाडून सगळे. आणि ही आपल्याच चर्चच्या वहीतली नोंद, सोळाशे एक्क्याण्णवची. फ्रेमिट माणसाला दाखल्याशिवाय घरात ठेवू नये, नाहीतर दंड. पुढे तर वितुष्ट आलेल्या मित्रालाही हाच शब्द. दैव फिरलं तर म्हणायचे, दैव फ्रेमिट झालं.”

ते एकेक चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचत होते. मला ऐकावंसं वाटलं नाही असं नाही. त्या शब्दाने मला अठ्ठावीस वर्षं हाकललं होतं, आणि तो स्वतः एवढ्या लांबून चालत आला होता हे मला माहीत नव्हतं. पण मी काही शिकवणीला आले नव्हते.

“साहेब, दोरीचं काय?”

त्यांनी खोकं बंद केलं. चष्मा काढला. “दोऱ्या हा कुटुंबाचा प्रश्न. चर्चला त्यात बोलता येत नाही.”

“आणि बाईने दफनाला येऊ नये, असा चर्चचा नियम आहे का?”

त्यांनी बराच विचार केला. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ लागतो. “नियम नाही. कुठेही लिहिलेलं नाही. फक्त कुणी येत नाही.”

“मग झालं तर.”

“एफी, चर्चच्या आवारात तमाशा होऊ देऊ नका. काकांसाठी तरी.”

“मी काय करायचं ते काकांसाठीच करतेय. तुमच्याकडे कोरी चिठ्ठी आहे?”

त्यांनी दिली नाही, स्वतःच हातात घेतली आणि पेन्सिल शोधली.

“लिहा. मार्च एकसष्ट, बॅकहिल. ‘फ्रेमिट हातांनी त्याला चौदा महिने धुतला.’ घातलंत? खाली माझं नाव लिहा. पूर्ण लिहा.”

त्यांनी लिहिलं. टॅनॉकमध्ये दोन एन की एक, तेही विचारलं. मग चिठ्ठी खोक्यात सगळ्यांत पुढे ठेवली. मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी जॉर्डी इम्लाक सुतार पेटी घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून काकांना आत ठेवलं. वॉल्टर मान वळवून खिडकीशी उभा होता. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की तो रडतोय. त्याचं काकांवर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. लहानपणी सुट्टीत काकांनी त्यालाही नांगरामागून चालवलं होतं. पण सुट्टी संपली की तो घरी जायचा.

मी जॉर्डीला विचारलं, “पहिली कुठली?”

त्याने डोक्याशी गुंडाळी करून काळ्या दोऱ्याने बांधलेली दोरी दाखवली. रेशमी गोंडा लावलेला. “एफीबाई, माझं काम आकडा आणि नाव पुकारायचं. धरायचं कुणी ते घरचे ठरवतात. मला यात ओढू नका.”

“ओढत नाही. दाखवलंत तेवढं पुरे.”

दफन शुक्रवारी दुपारी होतं. स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं. मी पाव कापत होते, बोगहेडची म्हातारी लोणी लावत होती. बाहेर पाद्रीसाहेबांची प्रार्थना संपली, पेटी उचलल्याचा पायरव झाला. मी सुरी ठेवली, ॲप्रन सोडला आणि कोट अंगात घातला.

“कुठं निघालीस ग?” एकीने विचारलं.

“काकांना पोहोचवायला.”

सगळ्यांचे हात थांबले. वॉल्टरची एक मावशी म्हणाली, “असं कधी कुणी केलंय का? लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील ते मला परत येऊन सांगा.”

बोगहेडच्या म्हातारीने मान वर केली नाही. लोणी लावता लावता म्हणाली, “जा. पावाचं आम्ही बघतो. मफलर घे, वारा बरा नाही.”

पेटीची गाडी हळूहळू निघाली होती आणि पुरुष तिच्यामागे रांगेने चालत होते, सगळ्यांत पुढे वॉल्टर. मी रांगेच्या कडेने भराभर चालत पुढे गेले आणि त्याच्या शेजारी, गाडीच्या अगदी मागे, चालू लागले. हिमकणांचा पाऊस तिरपा येत होता.

“मागे फीर,” तो ओठ न हलवता म्हणाला.

“नाही.”

“एफी, मी शेवटचं सांगतोय.”

“बरं झालं. आता पुन्हा नको सांगू.”

दीड मैल आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता चाललो. मागून नुसते बूट वाजत होते. रस्त्याच्या त्या वळणाशी आलो, जिथे बारा वर्षांपूर्वी बेलआत्या दिसेनाशी झाली होती. मी वळण ओलांडलं. पलीकडे विशेष काही नव्हतं, मेंढरं होती आणि रस्ता होता. तिथे मी मफलर घट्ट आवळला आणि चालत राहिले.

आवारात खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. पेटी फळ्यांवर ठेवली. पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि त्या काढण्यात गुंतले होते तेवढ्यात मी डोक्याकडे जाऊन उभी राहिले. जॉर्डीने यादी उघडली. कागद भिजत होता.

“पहिली,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघायचं टाळून, “वॉल्टर रॅफन.”

मी वाकले, काळा दोरा दातांनी तोडला आणि दोरी हाताला दोन वेढे देऊन गुंडाळली.

वॉल्टर माझ्याजवळ आला. “लोक बघतायत.”

“बघू देत.”

“सोड ती.”

मी आवाज खाली आणला नाही. “सोडव. हात लाव आणि सोडव. चौदा महिने या माणसाला मी दिवसातून दोनदा वळवलंय, माझ्या हातात जोर आहे. तुझ्या हातात किती आहे ते सगळ्यांना दिसू दे.”

वॉल्टरने पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. साहेबांना नेमकं तेव्हाच पुस्तकातलं पान सापडेना. ते पान शोधत राहिले. चार्ली आपल्या बुटांकडे बघत होता. वॉल्टरचा हात एकदा पुढे आला, माझ्या मुठीपासून वीतभर अंतरावर थांबला, आणि मला दिसलं की त्याला खरंच ओढायचं होतं. मी मूठ आवळली. ओढली असती तर मीही ओढणार होते, पेटीवर पडले असते तरी.

तेव्हा पायाकडून बोगहेडचा आवाज आला. म्हातारा पुकारण्याची वाट न बघता वाकला होता आणि दुसरी दोरी त्याच्या हातात होती.

“जॉर्डी, दुसरी माझी ना रे? मी धरलीय. पुढचे आकडे बोल. डॉविट भिजतोय.”

जॉर्डीने वॉल्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं.

“तिसरी,” तो म्हणाला.

वॉल्टर एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. त्याच्या हातात त्याचं कार्ड होतं आणि दोरी नव्हती. मी त्याच्या चेहऱ्याकडे मुद्दामच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझा हात ढिला पडला असता.

फळ्या काढल्या आणि वजन हातात आलं. ते वजन मला पाठ होतं. डोक्याकडची बाजू जड असते, हे बाकीच्या कुणाला सांगायची गरज होती, मला नव्हती. ओली दोरी तळहातातून सरकताना कातडी सोलवटत होती आणि मी ती इंच इंच सोडत होते, कारण काकांना धक्का बसलेला आवडायचा नाही. पेटी टेकली तेव्हा काहीही आवाज झाला नाही. दोरी सैल झाली.

मग बाकीच्या सात जणांनी हात उघडले. सातही दोऱ्या आत पडल्या आणि गोंडे झाकणावर टपटप वाजले.

मी तशीच धरून उभी होते. मला माहीतच नव्हतं. माझी समजूत होती की दोऱ्या वर ओढून घेतात आणि सुतार त्या परत नेतो. कोण सांगणार होतं? कुठल्याही बाईने पाहिलेलं नव्हतं, आणि पुरुष घरी येऊन चहा पितात, यातलं काही बोलत नाहीत. या दोरीसाठी मी सगळ्या गावाशी वैर घ्यायला निघाले होते, आणि ती कशासाठी देतात तेवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

जॉर्डी जवळ आला. “सोडायची असते, एफीबाई.”

“कुठे?”

“आत. त्यांच्याबरोबर.”

माझी मूठ उघडेना. थंडीने नव्हे. पाऊस सगळ्यांच्या उघड्या डोक्यांवरून मानेत उतरत होता, आणि पहिली दोरी पडल्याशिवाय कुणाला टोपी घालता येत नव्हती. पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं. वॉल्टरला आता हवं ते बोलता आलं असतं. बघा, हिला साधं एवढं माहीत नाही, असं म्हणाला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. तो बोलला नाही. टोपी छातीशी धरून उभा राहिला.

“घाई नाही, पोरी,” बोगहेड म्हणाला.

“मला ठाऊक आहे घाई नाही,” मी म्हटलं. “माझी दोरी आहे. मी सोडेन तेव्हा सोडेन.”

आणि मी उभी राहिले. हंटलीत म्हणे सांगतात की मी पाच मिनिटं सगळ्यांना भिजवलं. भिजवलं असेल. बेलआत्याने पहिल्या संध्याकाळी मला बजावलं होतं, यांना काका म्हणायचं, आणि मी अठ्ठावीस वर्षं काका म्हटलं. त्यांनी कधी दुसरं काही मागितलं नाही, मी कधी दुसरं काही म्हणायचं धाडस केलं नाही. नडगी फोडायला मी घाबरले नाही, पण ते म्हणायला घाबरले.

मी खाली झाकणाकडे बघून म्हटलं, “बाबा.” मोठ्याने म्हटलं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग मी हात उघडला.